अपडेटचा मुहूर्त

आमचे हे मुहूर्त काढून देतात. लग्न, वास्तुशांत, बोअर, नवा ट्रॅक्टर, ऊसतोडीला निघणं, निवडणुकीचा अर्ज भरणं, सगळ्याला. केजपासून युसूफ वडगावपर्यंत कुणी कधी नारळ फोडायचा, हे बहुतेक आमच्या ओसरीवर ठरतं. लोक त्यांना महाराज म्हणतात. मी तोंडावर 'अहो' म्हणते आणि बाकीचं मनात म्हणते.

तर असा हा माणूस. सगळ्या तालुक्याच्या कामांना वेळ नेमून देणारा. आणि स्वतःच्या घरातल्या कॉम्प्युटरला अपडेट कधी द्यायचं, हे काही केल्या त्यांचं ठरेना.

सासरे होते तोवर पत्रिका ते हातानं मांडायचे. हे शेजारी बसून सुपारी कातरायचे. सासरे गेले आणि यांनी बीडच्या एका दुकानातून पत्रिकेच्या सॉफ्टवेअरची सीडी आणली. दारावर 'येथे संगणकीय पत्रिका मिळेल' अशी पाटी लागली. नाव, गाव, जन्मवेळ टाकायची, बटण दाबायचं, की गणपतीच्या रंगीत चित्रासकट पंधरा-वीस पानं बाहेर. लोकांना ती पानं फार आवडली. सासऱ्यांच्या हातच्या पत्रिकेत एवढे रंग कुठले असायला! मध्ये कॉम्प्युटर बदलला तेव्हा आमच्या मुलानं ते जुनं सॉफ्टवेअर खटपट करून नव्यात बसवलं आणि सांगितलं, की हे पुन्हा जमेलच याचा भरवसा नाही. सीडीवाल्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

पावसाळा संपता संपता त्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात रोज सकाळी एक पाटी यायला लागली. अपडेट तयार आहे, आता बसवू का नंतर आठवण करू, असं विचारायची. भाषा अगदी नम्र. आमच्या घरात मला एवढ्या नम्रपणे कुणी काही विचारल्याचं आठवत नाही. हे रोज स्नान-संध्या उरकून बसायचे, चष्मा लावायचे, आणि 'नंतर' दाबायचे. दिवसाची सुरुवातच पुढं ढकलण्यानं.

मला त्या अपडेटशी काही देणंघेणं नव्हतं, पण मधे माझी परीक्षा आली.

गावच्या वाचनालयात ग्रंथपालाची जागा रिकामी झाली होती. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले होते, वहिनी, ग्रंथालयाच्या कोर्सचं प्रमाणपत्र तेवढं आणा, जागा तुमचीच. मी घरी बसून कोर्स लावला. मला पुस्तकं आवडतात हे एक, आणि रोज सहा तास घराबाहेर पडायला मिळेल हे दुसरं. क्रम उलटा लावला तरी चालेल. वर्षभर भाकरी थापून झाल्या की मी वर्गीकरणाचे आकडे पाठ करत बसायची. परीक्षा दसऱ्यानंतर होती, घरूनच, पण कॉम्प्युटरवरच. बंद खोलीत एकटीनं बसायचं आणि कॅमेरा चालू ठेवायचा. सराव म्हणून परीक्षेचा प्रोग्रॅम उघडायला गेले, तर त्यानं मला दारातच अडवलं. तुमची प्रणाली जुनी आहे, आधी अपडेट करा, म्हणाला.

मोबाइलवर परीक्षा चालत नव्हती. केजच्या नेट कॅफेत जाऊन आले. तो भला माणूस खुर्ची द्यायला तयार होता, पण बंद खोली म्हणजे त्याच्याकडं संडासच होता. बाकी सगळीकडं झेरॉक्सची गर्दी. ही परीक्षा चुकली तर पुढची वर्षानं, आणि अध्यक्ष वर्षभर थांबणारे नव्हते. त्यांच्या मेहुणीची मुलगी प्रमाणपत्र घेऊन तयारच होती. म्हणजे माझ्या नोकरीच्या आणि माझ्या मधे उभी होती ती एक पाटी, आणि त्या पाटीवर यांचं बोट.

मी सांगितलं तेव्हा पितृपक्ष चालू होता. हे म्हणाले, पितृपक्षात नवं काही सुरू करत नाहीत. मी म्हटलं, नवं कुठं, जुन्यालाच डागडुजी आहे. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी सासऱ्यांच्या पिंडावर पाय दिला. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहणारा एक पुढारी आला. अर्ज भरायची मुदत पितृपक्षातच संपत होती. त्याला यांनी पाच मिनिटांत वेळ काढून दिली, वर सांगितलं की राजकारणात पितर आडवे येत नाहीत. पुढाऱ्यानं पायाला हात लावला आणि गाडीत बसून गेला.

मग नवरात्र. घट बसलेले, दिवा अखंड, अशात घरात उलथापालथ नको. मग खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं पुजायची असतात, तशी यांनी कॉम्प्युटरची पूजा केली. पडद्याला हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्याराला विश्रांती, हात लावायचा नाही. दसऱ्याला मी सकाळीच समोर जाऊन उभी राहिले. साडेतीन मुहूर्तांतला पूर्ण मुहूर्त, पंचांग उघडायचीसुद्धा गरज नाही, आता काय सांगता ते बघूच, असं मनात म्हणत. हे शांतपणे म्हणाले, आज लाइटचा भरवसा नाही.

हे मात्र खोटं नव्हतं. अपडेट चालू असताना कॉम्प्युटर बंद करू नका, असं त्या पाटीवर लिहिलेलंच होतं. कॉम्प्युटर ज्यानं बनवला त्यानं आमच्या गावची लाइट पाहिलेली नसणार. पण लाइट तर रोजच जात होती आणि येतही होती. मी पुण्याला मुलाला फोन केला. तो म्हणाला, आई, इन्व्हर्टर आहे ना, दाब की बटण. मी यांच्या हाती फोन दिला. बापलेकांचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक, फोन ठेवताना हे मला म्हणाले, त्याला काय कळतंय, तो पुण्याला राहतो.

मग कोजागरी झाली. मग मंगळवार आडवा आला. मग हे म्हणाले, चतुर्थीला लिंबागणेशला जाऊन येतो, गणपतीच्या कानावर घालतो, मग निवांत बघू. गणपतीच्या कानावर आजवर किती काय काय घातलेलं असेल, आता त्यात हे. तरी मी डबा बांधून दिला. संध्याकाळी आले, माझ्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला आणि म्हणाले, एकादशी होऊ दे आता. एकादशी परीक्षेच्या नंतर होती. हे त्यांना माहीत होतं. तारखा वार तिथ्या हाच ज्याचा धंदा, त्याला माहीत नसेल असं कसं म्हणू? मला इतका राग आला की मी पेढा तसाच देवघरात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आला. कारखान्याचा ट्रक मंगळवारी यायचा होता, माणसं त्यातनंच जाणार होती, आणि मंगळवार कसा काय, असं टोळीतल्या बायका विचारत होत्या. मी आतून ऐकत होते. ज्या वारामुळं माझं अपडेट अडलं होतं, त्याच मंगळवाराचं यांनी सोनं केलं. ट्रक मंगळवारीच येणार असेल तर मंगळवारच चांगला, म्हणाले, फक्त पहिलं पाऊल उजवं टाकायचं. मुकादम खूश होऊन गेला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस गिऱ्हाइकाला कधीच नाही म्हणत नाही. गिऱ्हाइकाला जो दिवस सोयीचा, तो शुभ करून देण्याचेच तर लोक याला पैसे देतात. माझं चुकत होतं ते एवढंच, की मी बायको म्हणून विचारत होते.

मी डोक्यावर पदर घेतला. एक सुपारी आणि दक्षिणा घेतली, ओसरीवर गेले, आणि मुकादम उठून गेलेल्या सतरंजीवर त्यांच्यासमोर बसले. सुपारी पाटावर ठेवली.

"महाराज," मी म्हटलं, "एका बाईची परीक्षा हाय. त्याच्या आत घरातलं मशीन दुरुस्त करायचंय. परवाच्या आतला दिवस काढून द्या."

ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. त्यांनी सुपारीकडं पाहिलं आणि सवयीनं पंचांग ओढलं. बोट पानावरून फिरायला लागलं आणि तोंडातून आपोआप गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न निघाले. नाव विचारलं. मी सांगितलं. जन्मवेळ विचारली.

"ती तुमच्या वडलांनी ठरवली होती," मी म्हटलं. "मला कुठं ठाऊक?"

खरंच तसं होतं. माझी जन्मवेळ माहेरी कुणी लिहूनच ठेवली नव्हती. सासऱ्यांना मुलगी पसंत पडली, मग त्यांनी जुळेल अशी वेळ शोधली. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण मोठ्यानं कुणी कधी म्हटलं नव्हतं. यांचं बोट पानावरच थांबलं. मग त्यांनी पंचांग मिटलं.

"पत्रिकेचं बंद पडलं तर?" ते म्हणाले. आवाज महाराजांचा नव्हता.

मी म्हटलं, पडलं तर पडलं, हातानं मांडा.

"मला हातानं येत न्हाई."

एवढं बोलून ते बाहेर रस्त्याकडं बघत बसले. इतक्या दिवसांचे पितर, घट, मंगळवार, गणपती, सगळे एका वाक्यात मोकळे झाले. मला वाईट वाटलं. खोटं का सांगू, फार वाईट वाटलं. भीती वाटते, असं पहिल्याच दिवशी म्हणाले असते तर मी शेजारी बसले असते. पण वाईट वाटून माझा राग कमी झाला नाही, दोन्ही बरोबरच होते.

"तुमाला येत न्हाई म्हणून मी परीक्षा सोडू का?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि गावच्या वायरमनला फोन लावला. उद्या लाइट कधी आहे, विचारलं. पलीकडून वायरमन म्हणाला, सकाळी आठ ते दहा हाय काका, त्याच्या म्होरचं देवालाच ठाऊक. यांनी फोन ठेवला, सुपारी उचलून माझ्याकडं सरकवली.

"उद्या आठ वाजता," ते म्हणाले. "दाब तूच."

दक्षिणा मात्र त्यांनी ठेवून घेतली. धंदा तो धंदा.

सकाळी आठला मी बटण दाबलं. पडद्यावर गोल गोल ठिपके फिरत राहिले. हे शेजारी उभे होते, हातात जपमाळ, पण मणी हलत नव्हते. कॉम्प्युटर मधेच अंधारात गेला तेव्हा त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग उजेड आला. परीक्षेचा प्रोग्रॅम उघडला, त्यानं कॅमेऱ्यात माझं तोंड पाहिलं आणि मला आत घेतलं. पडद्यावर पत्रिकेच्या सॉफ्टवेअरचं चित्र त्याच्या जागेवर होतं. मी म्हटलं, तुमचं उघडून बघा. ते म्हणाले, तुझं होऊ दे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. लग्न जमवायला आलेल्या एका बापाला नंतर या म्हणून परत पाठवलं. परीक्षेच्या वेळी खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून स्वतः बसले आणि आलेल्या माणसांना हळू बोलायला सांगत राहिले.

पेपर संपला आणि मी दार उघडलं. ते आत आले, माझ्या जागी बसले आणि पत्रिकेच्या चित्रावर टिचकी मारली. एक चौकट आली. हा प्रोग्रॅम या प्रणालीवर चालणार नाही, असं तिच्यात होतं. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तीच चौकट. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला. आता माझ्यावर ओरडतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"पेपर कसा गेला?" त्यांनी विचारलं.

दोन प्रश्न राहिले, असं मी सांगितलं.

"पास होशील," ते म्हणाले.

"कशावरून? आता तर पत्रिका बी उघडंना."

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "मला वाटतंय."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हजारो भाकितं ऐकली असतील. विश्वास बसला तो या एकाच भाकितावर.