मांडव उडाला तेव्हा मामा रुसला होता

भाचीच्या लग्नाचा मांडव ताईने मला न देता दुसऱ्याला दिला, हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. लालबागमध्ये मांडवाच्या धंद्यात बांबू आणि ताडपत्रीच्या जोरावर मी उभा राहिलो, कोणापुढे हात पसरला नाही. आणि सख्खी बहीण म्हणते, घरच्या माणसाशी घासाघीस करता येत नाही.

लग्न चाळीच्या अंगणात होतं, मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर. मी पाहुणा म्हणून गेलो, पण नजर धंद्याचीच. अंगणात पेव्हर ब्लॉक, म्हणून खड्डे न खणता पाइप नुसते लोखंडी प्लेटांवर उभे केले होते. रस्त्यावरच्यांनी डोकावू नये म्हणून तीन बाजूंना कनाती घट्ट बांधलेल्या. उघडी बाजू एकच, मिलच्या मोकळ्या प्लॉटकडची. म्हणजे वाऱ्याला आत यायला दार आणि बाहेर जायला वाट नाही. मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, आजच्या दिवशी तरी भांडू नकोस.

संध्याकाळी हवा एकदम पडली. तोरणाचं पानसुद्धा हलेना. मग प्लॉटच्या बाजूला आभाळ मातकट पिवळं झालं आणि मानेला गार झुळूक लागली. मे महिन्यातली ही गार झुळूक लोकांना बरी वाटते, मला धडकी भरते. तिच्यामागून ढगाचा सगळा भार खाली येतो. परदेशातली सोंडेसारखी टोर्नेडो वादळं मी मोबाइलवर तासन् तास बघतो. ज्याचा धंदा मांडवाच्या कापडाचा, त्याला वारा कळायलाच हवा. तशी सोंड आपल्याकडे सहसा उतरत नाही, पण छप्पर उडतं ते त्याच रीतीने. वारा आत शिरतो आणि खालून उचलतो. माणूस मरतो तो उडत्या पत्र्याने, पाइपाने, काचेने. तिकडे लोक तळघरात जातात. आम्हाला तळमजल्याची आतली खोली, जाड भिंतीची.

प्लॉटवर धूळ गोल फिरू लागली. एक सुटा पत्रा तिच्याबरोबर वर चढला.

मी ओरडून सगळ्यांना खोल्यांत जायला सांगितलं. कोणी हललं नाही. वरपक्षातला एक जण हसत म्हणाला, "मांडव मिळाला नाही ना, म्हणून बोंब मारतोय."

माझं डोकं फिरलं. एरवी त्याची कॉलर धरली असती. पण त्याच्या त्या वाक्यानेच मला सुचलं. नवरी तळमजल्याच्या खोलीत गौरीहरापुढे बसली होती, आणि मामाने हात धरून आणल्याशिवाय नवरी मांडवात जात नाही. मी त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलो. म्हणालो, "मुलीला आणणार नाही. मामाचा मान झालेला नाही."

मराठी लग्नात वादळाला कोणी घाबरणार नाही, पण मामा रुसला म्हटल्यावर अख्खा मांडव धावतो. आधी बायका आल्या. मग शेला, टोपी, नारळ आला. मी मान फिरवली. व्याह्यांनी स्वतः यायला हवं. ते आले. नवऱ्याने यावं. तो मुंडावळ्या सावरत आला. भटजी, वाजंत्री, दोन्हीकडची म्हातारी माणसं, सगळी हवीत. गॅलरीत व्हिडिओ काढणारी मंडळी खाली आल्याशिवाय तर मी उठणारच नव्हतो. येईल त्याला आत ढकलत होतो, ही खोली भरली की शेजारची, खिडक्या लावा, आतल्या भिंतीला पाठ लावून बसा. लोक मला शिव्या घालत होते आणि बसत होते. आयुष्यात इतका चढा भाव मी कधी लावला नव्हता, आणि मागेन ते मिळत होतं!

मांडवात उरली फक्त ताई. रिकाम्या पाटांजवळ, पदर खोचून. कनाती पोटासारख्या फुगल्या होत्या.

"तुझ्यापुढे मी हात जोडणार नाही," ती तिथूनच म्हणाली. "चारचौघांत माझी शोभा केलीस."

मी धंद्यात सांगितलेला भाव कधी उतरवलेला नाही. खुर्ची सोडली, अंगणात गेलो आणि तिच्यासमोर हात जोडले. "मीच जोडतो ताई. तू फक्त आत ये."

ती इतकी चकित झाली की आली. मी दार ओढलं आणि बाहेर आवाज झाला, पाइप, पत्रे, झुंबर, सगळं एकदम. फटीतून दिसलं ते असं, की अख्खा मांडव छत्रीसारखा वर गेला, वळला आणि पाटांवर आडवा पडला. पाठोपाठ धुळीने फटही दिसेनाशी झाली. आत सगळे डोक्यावर हात घेऊन बसले होते. नवरी खदखदून हसत होती, घाबरून की कशाने कोण जाणे.

वारा पडल्यावर लग्न त्याच खोलीत लागलं. आंतरपाट गॅसच्या ओट्यापासून कपाटापर्यंत धरला. मी भाचीचा हात धरला आणि दोन पावलांत तिला आणलं. कोणाला साधं खरचटलंही नव्हतं.

ताई आजही सगळ्यांना सांगते की भावाच्या रुसव्याने आम्ही वाचलो, देवानेच त्याला तशी बुद्धी दिली. मी तिला वारा समजावतो, कनाती समजावतो. ती म्हणते, "वारा कसला रे, तू रुसलाच होतास."

आता धाकट्या भाचीचं ठरलंय. ताईने दादरला हॉल घेतलाय, मला विचारलंसुद्धा नाही. मी परवा गुपचूप जाऊन बघून आलो. समोरची बाजू सगळी काचेची आहे. पण स्टेजच्या मागे नवरीची खोली आहे, बिनखिडकीची, भक्कम. दारात माझी खुर्ची बसते.