सासूबाईंना शिशाचा कोट

मंडळी, बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्या एका हॉस्पिटलात मी एक्स-रे काढते. आज पेशंट म्हणून आमच्या सासूबाईच आल्या. गुडघा दुखत होता.

शिशाचा ॲप्रन हल्ली प्रत्येक पेशंटला घालायची गरज नसते. किरण थोडेच असतात आणि ॲप्रन मध्ये आला तर फोटो पुन्हा काढावा लागतो. मी हे रोज घसा फोडून सांगते. आमच्या सीनियर गिरिजाअक्का मात्र मागेल त्याला तो देतात. म्हणतात, "समजावण्यापेक्षा घालणं सोपं."

सासूबाईंनी विचारलं, "आधीच्या बाईला तो कोट घातला होता ना?"

"तो अक्कांनी दिला, आई. गुडघ्याला नाही लागत."

"असं का! परक्यांना कोट आणि घरच्यांना नुसती भाषणं."

अक्का हसल्या. "सरी, ठीक आहे, दे गं बाई!"

मी त्यांना कोट घातला. फोटो झाल्यावरही सासूबाई तो जड कोट काढेनात. आधी लेकीला व्हिडिओ कॉल करून दाखवला.

संध्याकाळी पाठ धरून बसल्या. "उद्या पाठीचाही एक्स-रे काढ. आणि कोट विसरू नकोस."

आता पाठीवर कोट घातला तर फोटोत कोटच दिसेल, हे त्यांना तुमच्यापैकी कोण सांगतंय? अक्कांनी उद्या रजा टाकलीय.