व्हेनिसमध्ये ऐकू आलेला नवरा

लग्नासाठी मिळालेली सगळी सुट्टी नाशिक आणि चिपळूणच्या फेऱ्यांतच संपली, म्हणून आमचा हनिमून चार महिन्यांनी, थेट दोह्याहून निघाला. व्हेनिस मी निवडलं. नीलेश नुसता "चालेल" म्हणाला. तो सगळ्यालाच "चालेल" म्हणतो, तेही इतक्या हळू की मला म्हणाला की स्वतःला, ते कळत नाही. दोह्यातल्या अल दुहैल भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो मांजराच्या पावलांनी वावरतो. अंधारातच कपडे बदलतो, फोन आला की भिंतीकडे तोंड करून बोलतो. या माणसाला माझ्याशी लग्न करायचंच नव्हतं की काय, अशी भीती मला वाटायला लागली होती.

जाणाऱ्यांना पहिला सल्ला: सामान कमी न्या. गल्फमधला माणूस बॅगेचं वजन पुरेपूर भरल्याशिवाय विमानात पाय ठेवत नाही, गावी जाताना लागलेली खोड ती. नीलेशने दोन मोठ्या बॅगा ठासून भरल्या, एकीत चक्क छोटा कुकर आणि तांदूळ! व्हेनिसमध्ये गाड्याच नाहीत. बोटीतून उतरलं की पायीच जायचं, आणि वाटेत सगळे पायऱ्यांचे पूल. तिसऱ्या पुलावर मी कठड्याला टेकून हसत सुटले.

"यल्ला, यल्ला, चल," तो धापा टाकत म्हणाला.

"तो तांदूळ ओत आधी पाण्यात!"

तोही हसला, पण आवाज न करता.

हिवाळा होता. सकाळी खिडकी उघडली की समोरची घरं धुक्यात अर्धीच दिसायची. खालून पाणी पायऱ्यांना लागल्याचा आवाज, दूर कुठेतरी घंटा. मी तासन्‌तास तिथेच बसायचे. बोटीचा पास काढा, सुटी तिकिटं महाग पडतात. कॉफी काउंटरशी उभ्याने प्या, टेबलाशी बसलात की दर वाढतो. बुरानो बेटावरची रंगीत घरं मात्र चुकवू नका. तिथे दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसुद्धा मला सुंदर वाटल्या. इतकं सगळं आणि शेजारी गप्प नवरा. फोटोत आम्ही छानच दिसत होतो.

एका सकाळी जाग आली तर नीलेश हातात बूट धरून भिंतीच्या कडेकडेने दाराकडे निघालेला. जुनी लाकडी जमीन मध्ये करकरायची, म्हणून कडेने. मला न सांगता बाहेर चाललाय, या विचाराने मी ताडकन उठून बसले.

"कुठे निघालास?"

"कॉफी आणायला. तू झोपली होतीस ना."

"मग बूट हातात कशाला?"

त्याने बुटांकडे पाहिलं. "सवय गं. लग्नाआधी दोह्यात, नजमा भागातल्या खोलीत आम्ही सहा जण होतो, त्यातले तिघं नाइट शिफ्टवाले. कधीही बघावं तर कुणीतरी झोपलेलंच. दिवा लावला, भांडं वाजलं, की त्याची झोप खलास."

"किती वर्षं?"

"सात."

"आणि मला वाटलं, मी तुला आवडत नाही."

मी एका दमात बोलून टाकलं. तो बुटांसकट खाली बसला. "आवडत नाही? अगं, तुला त्रास नको म्हणून मी आपला..." त्याचा एवढा मोठा आवाज मी प्रथमच ऐकत होते. शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर ठोकलं. आम्ही तोंडावर उशा दाबून हसलो.

मग दिवसभर नकाशा बंद करून गल्ल्यांतून हिंडलो. तो बोलत होता. वाशिष्ठीचा पूर, आईची शिवणाची मशीन, मला पहिल्यांदा बघायला येताना घामाने भिजलेला शर्ट. मी फक्त ऐकत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

दोह्यात परतल्यावर शुक्रवारी त्याचे जुने रूममेट जेवायला आले. खेडचे सलीमभाई रात्रपाळी करून तडक आलेले. "वहिनी, मटण झकास," म्हणाले आणि बाकीचे निघाले तरी ते सोफ्यावर गाढ झोपलेले. नीलेशने हलकेच पडदा ओढला. मी नळाची धार बारीक केली आणि ओट्यावर फडकं अंथरून त्यावर एकेक ताट ठेवत गेले. चार महिने ज्या कुजबुजीने मला रडवलं, तिच्यातच मी त्याला विचारलं, "दमलास?" सलीमभाई उठेपर्यंत आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून एकमेकांच्या कानाशी बोलत राहिलो.