वेलांटीनं उडवलेला शब्द

ऑफिसात त्याला सगळे वेलांटी म्हणत. एका साप्ताहिकात तो मुद्रितशोधक होता, म्हणजे छापण्याआधी मजकूर वाचून चुका काढणारा. अठ्ठावीस वर्षं त्यानं लोकांच्या ऱ्हस्व वेलांट्या दीर्घ केल्या आणि दीर्घ वेलांट्या ऱ्हस्व. लग्नपत्रिका हातात आली की आधी ‘आशीर्वाद’ची वेलांटी तपासायचा आणि मग लग्न कुणाचं ते बघायचा. अशा माणसाला फारशी आमंत्रणं येत नाहीत, आणि त्यालाही येत नव्हती.

रविवारी मात्र तो वेलांटी नसायचा. चर्चमध्ये त्याला ‘बंधू’ म्हणत, पहिल्या बाकावर जागा देत आणि उच्चार स्पष्ट म्हणून बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला उभं करत. आणि हाच बंधू गेली तीन वर्षं दर आठवड्याला बारा राशींचं भविष्य लिहीत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण तो स्वतःबद्दल स्वतःच वापरतो. दुसऱ्या कुणाला ती वापरायची मजा मिळू नये, एवढाच त्यात हेतू.

झालं असं की साप्ताहिकाचे ज्योतिषीबुवा अचानक वारले. त्या आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या राशीला त्यांनी ‘दूरचा प्रवास’ लिहिला होता. बुवांच्या कारकिर्दीत तेवढं एक भविष्य बिनचूक ठरलं, पण शाबासकी घ्यायला ते उरले नाहीत. संपादकांनी वेलांटीला बोलावलं.

“दोन आठवडे सांभाळा. जुनी भविष्यं काढा, मेषेचं मीनेला लावा, मीनेचं मेषेला. कुणाला कळतंय?”

“साहेब, मी ख्रिस्ती माणूस. आमच्यात हे चालत नाही.”

“अहो, म्हणून तर! तुमचा विश्वास नाही, म्हणजे तुम्ही कुठल्या राशीला झुकतं माप देणार नाही.”

 यावर उत्तर सुचलं असतं, पण त्यानं फारसा प्रयत्न केला नाही.

पहिले दोन आठवडे त्यानं इमानदारीत मेषेचं मीनेला लावलं. मग हात शिवशिवायला लागले. मकरेला त्यानं लिहिलं, ‘या आठवड्यात खोटे बोलल्यास पकडले जाल.’ वृषभेला लिहिलं, ‘आईला फोन करा.’ मनाची समजूतही त्यानं छान घातली होती, की ग्रह नुसते नावाला, आतला उपदेश शास्त्रातलाच. कडू गोळी गुळातून दिली तर बिघडलं कुठं? चर्चमध्ये तो शास्त्रपाठ वाचायचा तेव्हा मागच्या बाकांवर जांभया चालायच्या. इथं मात्र ‘जुना वाद मिटवा’ एवढे तीन शब्द वाचून समोरचा न्हावी सहा वर्षांनी भावाच्या घरी जाऊन आला. दाढी करताकरता न्हाव्यानं ते सांगितलं, तेव्हा वेलांटी खुर्चीत असा ताठ बसला की गालाला वस्तरा लागला. ताऱ्यांवर त्याचा विश्वास कधीच नव्हता. विश्वास बसला तो स्वतःवर, आणि दोन्हींत जास्त वाईट काय, हे त्याला फार उशिरा कळलं.

त्याची ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. शाळेत शिक्षिका होती. घरीही शिक्षिकाच राहिली. आठ वर्षांचा असताना त्यानं पुडीच्या कागदावरचं भविष्य मोठ्यानं वाचलं, तर तिनं त्याच्याकडून शंभर वेळा लिहून घेतलं : ‘तारे दिवे आहेत, मालक नाहीत.’ अर्धवट बोललेलं तिला चालत नसे. “वाक्य पूर्ण कर,” हे तिनं त्याला जेवढ्या वेळा सांगितलं असेल, तेवढ्या वेळा लोक नातेवाइकांची खुशालीही विचारत नाहीत.

तर या ताईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारची तारीख दिली आणि थांबू नका म्हणाले. ताई म्हणाली, “बघू.” जन्मात कधी ‘बघू’ न म्हटलेली बाई ‘बघू’ म्हणाली, तेव्हा वेलांटी मनातून हादरला. पण तिच्यासमोर बसून ‘ताई, मला भीती वाटते, तू ऑपरेशन करून घे’ एवढं म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्याऐवजी त्यानं काय करावं? ऑफिसात येऊन वृश्चिकेच्या भविष्यात लिहिलं, ‘ठरलेले काम पुढे ढकलणे हिताचे नाही.’ जन्मतारखेप्रमाणे ताईची रास वृश्चिक, आणि स्वभावाप्रमाणेही. ती भविष्य वाचणार नाही याची त्याला खात्री होती. नुसतं लिहून त्याला बरं वाटलं. शूर माणसाचं असंच असतं.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी त्याला गाठलं. “बंधू, या रविवारी ‘ज्योतिष आणि आपण’ यावर तुम्हीच बोला. आपल्या मंडळीतही हे लोण पसरतंय असं ऐकतो. तुम्ही वर्तमानपत्रात आहात, हा उद्योग कसा चालतो ते तुम्ही जवळून पाहिलं असेल.”

चोराच्या मनात चांदणं. वेलांटीनं पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. ते नव्हतं. “पाहिलंय थोडंफार,” तो म्हणाला.

गुरुवारी दुपारी, अंक छपाईला जाण्याआधी, तो टेबलाशी बसून भाषणाचे मुद्दे काढत होता. एकूण सात मुद्दे होते. शेजारच्या टेबलावर पानं लावणारी बाई कॉम्प्युटरवर शेवटचं पान जुळवत होती. आयत्या वेळी एक जाहिरात मोठी झाली होती आणि भविष्याची चौकट आखडली होती.

“काका, वृश्चिकेचा एक शब्द खाली उतरतोय. त्याच्यासाठी अख्खी ओळ जातेय.”

वेलांटी चौथ्या मुद्द्यावर होता : ‘भविष्य लिहिणारे लोक वाचकांच्या आयुष्याशी किती बेफिकीरपणे खेळतात.’ मान वर न करता तो म्हणाला, “उडव.”

“उडवू? एकदा बघता का?”

“एकच शब्द ना? उडव गं.”

बाकी अंकातला प्रत्येक स्वल्पविराम तो दोनदा वाचायचा. भविष्य मात्र कधीच तपासायचा नाही. स्वतः लिहिलेल्यात चूक कशी असेल?

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. “डॉक्टरांना कळवलंय मी. पुढच्या महिन्यात बघू.”

तो तसाच तिच्या घरी धावला. ताई खिडकीपाशी उशीचे अभ्रे दुमडत बसली होती. ओळीनं चार अभ्रे, कडेला कड लावून.

“अगं, डॉक्टर थांबू नका म्हणाले होते!”

“मी प्रार्थना केली. मला मोकळं वाटलं. आता आतूनच थांब म्हणत असेल कुणी, तर मी काय करू?”

 आतून कोण काय म्हणतं ते मुद्रितशोधकाला तपासता येत नाही. ताई चहा टाकायला आत गेली. निदान एखादं वचन दाखवून तिचं मन वळवावं, म्हणून त्यानं तिचं बायबल उघडलं. त्यातून कागदाचा एक कपटा खाली पडला. पट्टी लावून सरळ कापलेला, वर ताईच्या अक्षरात तारीख. त्याच्यामागे आणखी कपटे होते, तीन वर्षांचे, तारखेनं लावलेले. सगळे वृश्चिकेचे.

वरचा कपटा त्यानं वाचला. ‘ठरलेले काम पुढे ढकलणे हिताचे.’

एवढंच. वाक्य तिथंच संपत होतं, पूर्णविरामासकट. ध चा मा करायला निदान एक अक्षर बदलावं लागतं. इथं काही न बदलता, नुसता शेवटचा ‘नाही’ उडवून काम झालं होतं. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो, आणि जागा कमी पडली की शेवटचंच कापतात, हे अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवी माणसाला माहीत नसेल तर कुणाला असणार? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. 

ताई कप घेऊन बाहेर आली आणि त्याच्या हातातला कागद बघून दारातच थांबली. तिचा चेहरा लाल झाला. बहिणीला लाजलेलं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

“दे इकडं,” ती म्हणाली. “मला माहितेय ते चूक आहे. शंभर वेळा तुझ्याकडून लिहून घेतलं होतं मी. पण देवाला विचारलं, की उत्तर कधी येईल त्याचा नेम नाही. हा पेपर दर शुक्रवारी येतो. आणि लिहिणारा बरा माणूस वाटतो रे. दुसऱ्या राशींना खोटं बोलू नका, आईला फोन करा, असलं लिहितो. माझ्या राशीचं वाचून वाटायचं, ओळखतोय आपल्याला.”

“ताई,” तो म्हणाला, “तो मी आहे.”

“कोण तू?”

“लिहिणारा. तीन वर्षं. आणि यातला शेवटचा शब्द उडालाय. मीच उडव म्हटलं, न बघता. ‘हिताचे नाही’ असं होतं. तुझ्यासाठीच लिहिलं होतं. तोंडावर सांगायला घाबरलो म्हणून.”

ताईनं कप टेबलावर ठेवले.  ती रडेल असं त्याला वाटलं, पण ती वृश्चिक होती.

“म्हणजे मी देवाला सोडून कुणाचं ऐकत होते? तुझं?” ती म्हणाली. “ज्याला मी नाक पुसायला शिकवलं, त्याचं?”

“हो.”

“शनि-मंगळ परवडले असते. निघ इथून. आणि उद्या चर्चमध्ये बोलायला उभा राहणार आहेस ना? हे सगळं सांग. मग मी बघते माझं काय करायचं ते.”

त्या दिवशी त्यानं काय काय ठरवलं असेल! आजारी पडावं, आवाज बसल्याचं सांगावं, एखाद्या परक्या माणसाची गोष्ट म्हणून सांगावी. बंधूपण जाईल, पहिला बाक जाईल, नोकरीतही संपादक ओरडतील. पण दुसऱ्या पारड्यात ताईचा मंगळवार होता, आणि ते पारडं उचलता उचलेना.

रविवारी तो उभा राहिला. सात मुद्द्यांचा कागद खिशातच राहिला. ताई दुसऱ्या बाकावर हात जुळवून बसली होती, वर्गात परीक्षा घ्यायला बसावी तशी.

“तारे देवानं उजेडासाठी ठेवलेत, हुकूम सोडायला नाही,” तो म्हणाला. “हे तुम्हाला माहीत आहे. बाळ येशूला शोधत पूर्वेकडचे ते ज्ञानी लोक ताऱ्यामागं निघाले खरे, पण शहरात पोचल्यावर त्यांनाही माणसांना वाट विचारावी लागली. हेही तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही ते सांगतो. आमच्या पेपरातलं भविष्य जेवणानंतर, पेंगत पेंगत, मी लिहितो.”

चर्चमध्ये त्या दिवशी कुणी जांभई दिली नाही.

“मला वाटायचं, मी चांगलंच सांगतोय,” तो म्हणाला. “पण मला देवाच्या खुर्चीवर बसायचं होतं. खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून कडेला टेकलो. आणि तिथून माझ्या बहिणीला असा सल्ला दिला, की तिनं ऑपरेशन पुढं ढकललं.” इथं त्याचा आवाज भरून आला, तरी तो बोलत राहिला. स्पष्ट उच्चारांचा माणूस, पण शेवटची दोन वाक्यं कुणाला कळली नाहीत.

उपासना संपल्यावर लोक अंगणात घोळक्यानं उभे राहिले. कुणी रागानं बघितलं, कुणी खांद्यावर हात ठेवला. पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, “मी तो पेपर फक्त शब्दकोड्यासाठी घेतो, बरं का.” एक सद्गृहस्थ बाजूला घेऊन विचारते झाले, “बंधू, झालं ते झालं. पण मिथुनेचं या आठवड्याचं तरी बरोबर आहे ना? शब्द वगैरे उडाला नाही ना?”

त्यानं कपाळावर हात मारला. ताई फाटकाजवळ उभी होती. ती एवढंच म्हणाली, “उद्या सकाळी डॉक्टरांना फोन लाव. मंगळवार अजून मोकळा आहे का विचार.”

मंगळवार मोकळा होता. संपादकांना त्यानं आदल्या दिवशीच सांगून टाकलं की यापुढं भविष्य लिहिणार नाही. संपादक ओरडले, मग म्हणाले, शब्दकोडं मोठं करू.

सकाळी दवाखान्याच्या लांबलचक बाकावर दोघं बसली होती. ताईनं दवाखान्याचा सैल अंगरखा घातला होता आणि त्यात ती फारच लहान दिसत होती. आतून नर्सनं नाव पुकारलं. ताई उठली, चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि तिथंच थांबली.

“काय होईल रे?” तिनं विचारलं.

तीन वर्षं, दर आठवड्याला बारा जणांना त्यानं याचं उत्तर दिलं होतं. जिभेवर आलंही होतं काहीतरी गोड, तीन ओळींत बसणारं. त्यानं ते गिळलं.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “ताई, मला फार भीती वाटतेय. मी इथंच बसलोय.”

ताईनं त्याच्याकडं बघितलं. चष्म्याशिवाय तिला तो धूसरच दिसत असणार.

“हं,” ती म्हणाली. “वाक्य पूर्ण केलंस.”

आणि ती आत गेली.