अजून एक जाऊ दे

सुमनताई गेल्याची बातमी मला हायवेच्या काठावर कळली. सकाळी स्टेशनकडे जायला आम्ही पंधरा-वीस जण नेहमीसारखे दुभाजकातल्या फटीसमोर उभे होतो, तेवढ्यात मागून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. "कळलं का? सुमनताई गेल्या. पहाटे." कुणी अरेरे म्हटलं, कुणी घड्याळ पाहिलं. मला काय वाटलं ते खरं सांगतो, कारण खोटंच लिहायचं तर हा लेख लिहायचं काही कारण नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. एक गोष्ट फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती, आता ती माझ्या एकट्याजवळ उरली. आणि दुसऱ्याच क्षणी त्या सुटकेचीच भीती वाटली. त्या दिवशी मी रस्ता ओलांडलाच नाही. घरी परत आलो आणि बायकोला पोट बिघडल्याचं सांगितलं.

रेल्वे खाडी ओलांडून आमच्याकडे आली, तेव्हा सानपाड्यात आम्ही सगळेच नवे होतो. मी परळच्या एका खोलीतून आलेलो. सुमनताई मूळच्या साताऱ्याच्या, फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट. नवरा गेल्यावर घाटकोपरची जागा सोडून त्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आल्या. स्टेशन झालं, फलाट झाले, फलाटावर घड्याळ लागलं. फक्त माणसांनी तिथवर पायी कसं पोचायचं, हे नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यातून निसटलं असावं. घरं हायवेच्या अलीकडे, स्टेशन पलीकडे आणि मधे पुण्याकडून सुसाट येणारे ट्रक, मार्केटला जाणारे टेम्पो. ना पूल, ना सिग्नल. दुसरी वाट म्हणजे हायवेखालची, पावसाचं पाणी जाण्यासाठी बांधलेली मोरी. वीस मिनिटांचा वळसा, कंबरेत वाकून चालायचं, आणि पायाखाली काय येतंय ते विचारायचं नाही. त्यामुळे दुभाजकात कुणीतरी पाडलेली ती माणूसभर फट हाच आमचा राजरस्ता होता.

मी जन्माचा भित्रा. पहिले पंधरा दिवस मी त्या काठावर नुसता उभा राहायचो आणि गाडी चुकवून घरी यायचो. एका सकाळी सुमनताईंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "माझ्या मागं उभा राहा. मी चला म्हटल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाई." हळूहळू त्यांच्यामागे वीस माणसं उभी राहायला लागली. त्यांची एक पद्धत होती. रस्ता मोकळा दिसला तरी त्या लगेच निघत नसत. "अजून एक जाऊ दे," म्हणायच्या. मग कुठूनतरी एखादा ट्रक यायचा, धडधडत निघून जायचा, आणि मगच त्या हात वर करून "चला" म्हणायच्या. तरुण पोरी त्यांची नक्कल करायच्या, पण त्यांच्या आधी कुणी पाऊल टाकत नसे. मी एकदा विचारलं, "ताई, तुम्हाला नाही का हो भीती वाटत?" त्यांनी हात पुढे केला. तळवा घामानं ओला होता. "वाटती की. म्हणून तर एक जास्तीचा जाऊ देते. ज्याला भीती वाटत न्हाई ना, त्याच्या मागनं कधी जाऊ नगंस."

आता ते सांगतो. त्या महिन्यात माझे दोन लेट मार्क झाले होते, तिसऱ्याला रजा कापली जायची. फटीसमोर उभे होतो आणि बेलापूरकडून लोकल येताना दिसली. रस्ता मोकळा होता. एक बस तेवढी लांब होती. "थांबा," सुमनताई म्हणाल्या, "अजून एक जाऊ दे." मी त्यांच्या अगदी मागे होतो. माझ्या डोळ्यांपुढे हजेरीचा मस्टर होता... आणि मी मोठ्यानं म्हणालो, "चला!" लोकांना त्या शब्दाची सवय होती. कुणी म्हटलं, हे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांत पुढे, सुमनताईंच्या बाजूलाच, कदममामा होते, मार्केटमध्ये पाठीवर पोती वाहणारे. ते निघाले. बसच्या मागून एक टेम्पो बाहेर आला. त्यानंतरचा आवाज मला अजून कधीही, जेवताना, दाढी करताना ऐकू येतो. मामांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. आणि मी? मी पाऊलसुद्धा उचललेलं नव्हतं. चला म्हणून मी जागीच उभा होतो.

संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात सगळे जमले. "चला कोण म्हणालं?" सेक्रेटरींनी विचारलं, आणि सगळ्यांच्या माना सुमनताईंकडे वळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.  मग मला त्यांचा आवाज ऐकू आला, "मीच म्हटलं. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मागे कुणी उभं राहीना. बायका त्यांना पाहून बोलणं थांबवायच्या. सुमनताईंनी फट सोडली आणि मोरीची वाट धरली. पावसाळ्यात साडीचा काठ हातात धरून, चपला पिशवीत घालून त्या वाकून पलीकडे जायच्या. मी मात्र फटीतूनच जात राहिलो, सगळ्यांच्या मागून, तोंड मिटून. एकदा जिन्यात मी त्यांना अडवलं. "ताई, तुम्ही असं का केलंत?"

"तू खचला असतास, दिलीप. घरात दोन लेकरं हायत तुझी. माझ्यामागं कोण हाय?"

"मी सांगतो सगळ्यांना."

"सांग की. कधी सांगतोस?"

मी म्हणालो, "बघतो."

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तेच मला फार जड गेलं.

बरे झाल्यावर कदममामांना स्टेशनच्या बाहेर एक पीसीओ मिळाला, पिवळ्या पाटीचा. कुबडी टेकवून ते आत बसायचे. सुमनताई भावाला फोन करायला दर आठवड्याला तिथे जात आणि मग स्टुलावर बसून मामांशी गावाकडचं बोलत राहत. मामा त्यांना म्हणायचे, "तुमी काय मुद्दाम केलं व्हय, ताई? सोडा आता." हे मला सुमनताईंनीच सांगितलं, हसत. मी मात्र घरात फोन नसूनही त्या बूथवरून एकही फोन केला नाही. रोज मान खाली घालून पुढे जायचो. मामांनी हाक मारली की गाडी आल्याचं सोंग करायचो. मला वाटायचं, त्यांना माझा आवाज ऐकू आला तर ते ओळखतील.

त्या जायच्या पंधरा दिवस आधी मी त्यांना भेटायला गेलो. फार वाळल्या होत्या. मी माफी मागायची ठरवूनच वर गेलो होतो. पण त्यांच्या सोबतीला आलेल्या भाचीनं चहा आणला, मी तो प्यायलो आणि हवापाण्याचं बोलत बसलो. त्यांनीच विचारलं, "पुलाचं काय झालं रे?"

"खांब उभे राहिलेत. पायऱ्या नाहीत अजून."

"म्हंजी अजून फटीतनंच जाता?"

"हो."

"मग एक जाऊ देत जा..." एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. खरं म्हणजे तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

हा लेख लिहायला घेतला आणि लक्षात आलं की पुरवणीत छापून आल्यावर मामांची सून त्यांना तो वाचून दाखवेल. त्यांच्या कानावर ते आधी माझ्या तोंडून पडायला हवं. तरीही आज-उद्या करत तीन आठवडे घालवले. या सोमवारी सकाळी फटीसमोर उभा राहिलो. रस्ता मोकळा होता. कुणीतरी "चला" म्हणालं आणि माझ्या शेजारच्या बाईंनी पाऊल उचललं. माझा हात आपोआप त्यांच्यापुढे आडवा झाला.

"अजून एक जाऊ दे," मी म्हणालो.

"काका, रोड खाली आहे, कशाला टेन्शन घेता?" मागून एक जण हसला. पण लोक थांबले. बराच वेळ काहीच आलं नाही. मला लाज वाटायला लागली. मग एक स्कूटर आली, सावकाश, मागे भाजीची पिशवी बांधलेली. ती गेली, आणि आम्ही निघालो.

गाडी फलाटाला लागलेली दिसत होती. मी ती सोडली आणि बूथपाशी गेलो. मामांनी वर न बघताच फोन पुढे सरकवला. "लोकल का एसटीडी?"

"फोन नाही करायचा, मामा."

त्यांनी मान वर केली. मला बघून त्यांना नवल वाटलं असावं. "मग बसा की," म्हणाले आणि कुबडीनं स्टूल पुढे ढकललं. सुमनताई बसायच्या ते. मी बसलो. घामानं ओले झालेले दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले.

"मामा," मी म्हणालो, "त्या दिवशी चला मी म्हटलं होतं."