ओढ्याच्या तोंडचा गाळ

वाटणीत काळं रान थोरल्या दिरांनी ठेवून घेतलं आणि आमच्या पदरात माळ टाकला. माळ म्हणजे नुसता मुरूम, वर कुठं कुठं वीतभर माती. पंच उठायच्या आधी दीर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या माळावर ज्वारी आली तर हिच्या रानात येऊन जेवीन की!" लोक हसले. माझे मालक, त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, तेही मान खाली घालून हसल्यासारखं करत होते. मी मात्र खूणगाठ बांधली. त्या माळावर ज्वारी उभी करायची आणि या माणसाला तिथंच जेवायला बसवायचं. बाकी कशाचीही मला हौस नव्हती.

मैंदर्गीच्या अलीकडं आमचं गाव. गावाला एक तलाव आहे आणि त्यात एकच ओढा येतो. लग्न होऊन आल्यापासून उन्हाळ्यात माझ्या शेळ्या त्या तलावाच्या कोरड्या पडत जाणाऱ्या पोटात चरायच्या, त्यामुळं तो तलाव मला माझ्या परड्यासारखा माहीत होता. पावसाळ्यात ओढा दगडगोटे, वाळू, माती, जे हाताला लागेल ते घेऊन धावत येतो. तलावाच्या उभ्या पाण्यात शिरला की त्याची सगळी मस्ती उतरते. जड असेल ते तो तोंडाशीच टाकतो. आधी गोटे, मग वाळू, पसरलेल्या पंज्यासारखी. हलकी माती तेवढी पाण्याबरोबर लांब जाते आणि पार तलावाच्या भिंतीपाशी, जिथं पाणी हलत नाही, तिथं सावकाश खाली बसते. ओढ्याच्या तोंडाशी शेळीचा खूर रुतत नाही. भिंतीकडं गुडघ्यापर्यंत पाय जातो.

तलावातला गाळ शेतकऱ्यांनी रानात टाकायला काढून न्यावा असं सरकारनं ठरवलं, त्या वर्षीची गोष्ट. कुणी कुठून न्यायचा ते ठरवायला गाव देवळापुढं बसलं. ओढ्याचं तोंड डांबरी रस्त्याला लागून आहे आणि आधी वाळतं. शेवटच्या पुराचा साळसूद काळा थर वर बसून भेगाळला होता, दिसायला लोण्यासारखा. दिरांनी ती जागा स्वतःला मागितली आणि त्यांच्या शब्दाला नाही कोण म्हणणार? मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमी जावा तिकडं भिंतीकडं. चिखल हाय, पर तुमाला कसली घाई हाय?"

दुसऱ्या दिवशी शेळ्या घेऊन गेले तेव्हा त्या काळ्या थरात मी काठी खुपसली. चार बोटं गेली मऊ, मग खर्रकन वाळूला टेकली. दहा ठिकाणी खुपसली, दहाही ठिकाणी खर्र. मालक शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा पडला.

"अण्णाला सांगून येतो," ते म्हणाले. "वरचंच बघितलंय त्यानं. सगळं रान खराब हुईल."

"ब्याड," मी म्हणाले.

आमच्या घरात नको म्हणायचं कानडीत आलं की त्यावर बोलणं संपतं. मालक अण्णांकडं गेलेच नाहीत.

दीर सोलापुरात राहायचे, शेती फोनवर करायचे. त्यांचे टिपर रस्त्यावरून भराभर भरून गेले आणि काळ्याभोर रानावर ढीग पडले. ढीग पसरले, वरून नांगर फिरला. आम्ही दोघं भिंतीकडच्या चिखलात ट्रॅक्टर रुतवत, पाट्या उचलत, वळवाची धास्ती घेत राहिलो. माझ्या नखांतला काळेपणा श्रावणापर्यंत गेला नाही. पण दर पाटीला मला ते देवळापुढचं बोलणं आठवायचं आणि पाटी हलकी व्हायची.

पावसानं दिरांच्या रानावरची काळी भुकटी धुऊन नेली आणि वाळू उघडी पडली. ओल धरायला रानात काही उरलं नाही. त्यांची ज्वारी मांडीएवढी होऊन पिवळी पडली. आमच्या माळावरच्या ज्वारीत माणूस आत गेला तर दिसत नव्हता.

वेळ अमावस्येला आमच्या भागात सगळं गाव रानात जेवतं आणि रानातल्या जेवणाचं आवतण कुणी मोडत नाही. मी स्वतः जाऊन दिरांना सांगून आले. आले बिचारे. कडब्याची खोप केली होती, पूजा झाली, मालकांनी पिकावर अंबील शिंपडली. मी भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी वाढली. दिरांनी बसल्या जागचं ढेकूळ उचललं आणि बोटांत चुरलं. पिठासारखी माती.

"तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"वाटणीच्या दिवशी तुमाला ठाऊक न्हवतं व्हय, माळावर काय उगवतंय ते?"

त्यांनी मान खाली घातली आणि जेवले. तो एकेक घास घशाखाली उतरताना मी पाहिला. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

ते निघाले तसे मालक उठून त्यांच्यामागं गेले. त्यांनी सकाळपासून अंबिलीचा घोटही घेतला नव्हता. भावाला पोचवून ते परत खोपीकडं आले नाहीत, बांधावरच बसले, त्या पिवळ्या रानाकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून. मी त्यांना हाक मारली नाही. भज्जी परत वाढून घेतली आणि पोटभर जेवले.