कात्रीकाकांचा श्वासांचा डबा

तिसऱ्या मजल्यावरच्या कात्रीकाकांनी आपल्या मेलेल्या बायकोला भिंतीत कोंडून ठेवलंय, असं त्यांच्या शेजारच्या शिवणकाकू येईल त्याला सांगतात. सांगताना त्यांच्या ओठांत दोन टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे गोष्ट जास्तच सळसळते. "नऊ वर्षं झाली जाऊन, पण सुटली नाही हो बिचारी. रविवारी दुपारी लावा भिंतीला कान. आधी श्वास. मग काही नाही. परत श्वास, परत काही नाही. नुसता घेते हो, सोडतच नाही!"

यात खरं एवढंच, की श्वास ऐकू येतो. भिंतीत मात्र कोणी नाही. असलीच तर ती डब्यात आहे.

कात्रीकाका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. चौतीस वर्षं त्यांनी रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणातला केर काढला. कलाकार वाजवून घरी जायचे आणि काका बाहेर बसून त्यांचे खोकले, खुर्चीची कुरकुर, पानांची फडफड वेचून काढायचे. फितीची रिळं हाताने मागेपुढे फिरवायची, जागा सापडली की पेन्सिलीने खूण, ब्लेडने तिरका काप आणि वर चिकटपट्टी. सांधा कुठे आहे ते नंतर त्यांचं त्यांनाही सापडायचं नाही. ब्लेडने कापायचे, तरी केंद्रात नाव पडलं कात्री. सवय इतकी अंगात मुरली, की समोरचा बोलता बोलता "अं..." करून अडखळला, तर काकांची दोन बोटं हवेत मिटतात. कच्! स्वतः बोलतात तेही केर काढूनच. "चहा. साखर नको. बस."

मावशी व्हायोला वाजवायची. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशी त्यांची चौकडी होती. व्हायोला म्हणजे पोट सुटलेलं व्हायोलिन, असं ती स्वतःच म्हणायची म्हणे. चौकडीला हातवारे करून खुणावणारा कोणी नसतो. एकाने नाकाने श्वास ओढायचा, बाकी तिघांनी तो पकडायचा आणि सूर एकदम उचलायचा. मावशीचा श्वास चौघांत मोठा. लहानपणी नाकावर आपटली होती, त्यामुळे श्वासाच्या शेवटी बारीक शीळ वाजायची.

चौकडीची एकच तबकडी निघाली, आणि तिची फीत साफ करायला आली ती काकांकडेच. संथ भाग व्हायोला एकटी सुरू करते. काका तिथवर पोचले तेव्हा मावशी त्यांच्या पाठीशी उभी होती. "माझं घोरणं काढा हो एकदाचं," ती म्हणाली. काकांनी काढलं. सगळे श्वास काढले, एकूण एक. तबकडी इतकी स्वच्छ निघाली की केंद्रात शाबासकी मिळाली. फक्त त्या संथ भागापाशी, ती मागे उभी म्हणून घाई झाली आणि ब्लेड केसभर पुढे सरकलं. श्वासाबरोबर सुराचं नाकही, म्हणजे त्याची अगदी पहिली सुरुवात, कापलं गेलं.

ती होती तोवर यावर दोघं हसायची. आता काका तबकडी लावतात तेव्हा मावशी वाजवते, अर्धा तास वाजवते, आणि एकदाही श्वास घेत नाही. शिवणकाकूंना भूत भिंतीत ऐकू येतं. काकांना ते तबकडीत ऐकू येतं, आणि ते त्यांनीच केलंय.

कापलेले तुकडे ते फेकत नसत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. बोटभर, वीतभर तपकिरी फिती, कशावर काही लिहिलेलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, जन्मभर दुनियेचा आवाज सांभाळला आणि बायकोचा एकटीचा तेवढा एकच श्वास असा गुंत्यात टाकला. निवांत शोधू म्हणता म्हणता वर्षं गेली. मग कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा गेलाय, डावाही निघालाय. आधी बारीक आवाज जातात: शीळ, सळसळ, श्वास. फार तर एक वर्ष.

म्हणून दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाते. तुकड्याच्या दोन्ही टोकांना कोरी पांढरी फीत जोडून देते, ते यंत्रावर चढवतात आणि डावा कान स्पीकरला टेकवतात.

"हा कोण?"

"चेलोवाला. दमेकरी."

"आणि हा?"

"निवेदक. ढेकर गिळतोय."

कान थकला की ते दुसऱ्या चौकड्यांच्या तबकड्या लावतात. "ऐक. आता." सुराच्या आधी चार नाकं एकदम भरतात आणि खोलीत कोणीतरी आल्यासारखं वाटतं. मी दर वेळी दाराकडे बघते. "हल्ली ठेवतात श्वास," काका म्हणतात. "शहाणे झालेत. पहिलं व्हायोलिन बघ, लाडावलंय. दुसरं त्याला सांभाळून घेतंय. मधे व्हायोला. ती आहे तोवर लक्षात येत नाही, आणि गेली की काय गेलं ते सांगता येत नाही, नुसतं रिकामं वाटतं." एवढं लांब बोलणं त्यांच्या तोंडून न कापता क्वचितच बाहेर पडतं.

डब्यात चाळीस तुकडे उरले, तेव्हा काका वाजलेल्या तुकड्यावरही विचारायला लागले, "वाजला का?" कानात यंत्र घालायला तयार नाहीत. त्याची स्वतःचीच शीळ असते म्हणे, घोटाळा होईल.

तेव्हा मी ठरवलं. मुख्याध्यापिकाबाईंपासून शिवणकाकूंच्या टाचण्यांपर्यंत मी सगळ्यांच्या नकला करते, मग एक श्वास काय जड? मावशीचा मला आठवत नाही. पण आई तिची सख्खी बहीण, आणि आईच म्हणते, आम्ही दोघी अगदी एकसारखा श्वास घ्यायचो. आठवडाभर मी आईला कपाट सरकवायला लावलं आणि तिचा श्वास उचलला. रविवारी काका आंघोळीला गेले, तेव्हा एका जुन्या फितीच्या कोऱ्या शेपटावर श्वास भरला. शेवटी शीळ. तिरका काप. डब्यात, चार तुकड्यांखाली.

काका डोकं पुसत बाहेर आले. म्हटलं, "काका, आज सापडणार. पैज!"

"कशावरून?"

"आतून वाटतंय. सापडला तर तुम्ही कानात यंत्र घालायचं."

"नाही सापडला तर?"

"महिनाभर तुमची नक्कल बंद."

"दोन महिने. जिन्यातसुद्धा नाही. तेवढं येतं ऐकू मला."

वरचे चार फुकट गेले. पाचवा माझा. श्वास, शीळ, मग काही नाही. काका हलले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, टॉवेल गळ्यातच राहिला.

"परत."

परत लावला. मग त्यांनी यंत्र बंद केलं, दोन्ही रिळांवर हात ठेवले आणि फीत हाताने ओढायला लागले. श्वासाची घरघर झाली, बिजागरी गंजलेल्या दारासारखी. दार उघडत उघडत तुकड्याच्या शेवटच्या टोकाशी आलं आणि ते थांबले.

"पुढे सूर नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"सुराचं नाक मी कापलं होतं. ते या टोकाला असणार. आणि ती श्वास घ्यायची तो वाजवायला. हा नुसता घेतलाय. कपाट सरकवतात तसा."

मी म्हटलं, "अं..."

दोन बोटं मिटली. कच्.

पण रागावले नाहीत. तुकडा सोडवला, टॉवेलच्या कोपऱ्याने पुसला आणि चिकटपट्टीने डब्याच्या झाकणाला आतून लावला. "तुझ्या आईचा आहे. तोही कुठे होता आपल्याकडे. राहू दे." मग डबा माझ्याकडे सरकवला. "उरले किती?"

"छत्तीस."

"पुढच्या रविवारी."

मी बाहेर आले तर शिवणकाकू त्यांच्या दारातच उभ्या, ओठांत टाचण्या. "काय गं, आज दोन-दोनदा वाजलं ते? म्हातारा काय म्हणाला? कर ना जरा त्याचं, ते कच्!"

नक्कल अगदी ओठांवर आली होती. मी सुरुवात करायला श्वास घेतला, मोठा, आणि त्याच्या शेवटी आपोआप शीळ वाजली. मग हरलेली पैज आठवली, आणि श्वास तसाच धरला. पुढे काही नाही.

काकूंच्या टाचण्या फरशीवर पडल्या, एक आणि मग दुसरी.